पोळ्यांच्या मशीनची मोटर

नोकरीतल्या खून-दरोड्यांच्या केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळायला लागल्या आहेत. हिंगणघाटची एक साधी मोटरचोरी मात्र कालच पंचनामा केल्यासारखी आठवते.

मी तेव्हा तिथं ठाणेदार होतो. दवाखान्यामागच्या गल्लीत एक छोटी संस्था होती. खेड्यांतून पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांना ती दोन वेळ फुकट जेवू घाले. आमच्या गावाकडची, वडनेरची माणसंही तिथं जेवून आलेली, म्हणून मला ठाऊक होती. वरण-भाजी संस्थेतच शिजे, पोळ्या मात्र वस्तीतल्या घरांतून येत. प्रत्येक घराला एक वार नेमून दिलेला. मास्तर, बाबू, दुकानदार, कापसाच्या जिनिंगमधले कामगार, सगळ्यांचे वार ठरलेले. घरची बाई डबा घेऊन यायची, स्वतः वाढायची, आणि जाता जाता महिन्याची वर्गणी ठेवून जायची.

पुढं एका मोठ्या व्यापाऱ्यानं संस्थेला पोळ्या करायची मशीन भेट दिली. मंडप घातला, हारतुरे झाले. बंदोबस्ताला माझेच शिपाई होते.

काही महिन्यांनी एका सकाळी संस्थेचे सचिव ठाण्यात आले. बँकेतून रिटायर झालेले, सरळ गृहस्थ.

"साहेब, मशीनची मोटर चोरीले गेली."

फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला आणि पंचांना घेऊन घटनास्थळी गेलो. दाराचं कुलूप शाबूत होतं. मोटरचे नट पाना लावून नीट काढलेले. पितळी गंज-पातेली जागेवर, गॅसच्या टाक्या जागेवर. भंगारावर डोळा असलेला चोर आधी पितळ उचलतो, हे कोणताही पोलीस सांगेल. पण माझी नजर वेगळीकडेच गेली. मशीन उघडताना पीठ सांडणारच. तिथं पिठाचा कण नव्हता. फरशी झाडलेली, ओटा पुसलेला, आणि ओट्याचं फडकं पिळून दोरीवर वाळत घातलेलं.

आमचे जुने हवालदार कमरेवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, हा चोर चोरी कराले आलता का सैपाकघर आवराले?"

मशीन चालवणारा आचारी संस्थेनं नव्यानं ठेवला होता. संशय साहजिकच त्याच्यावर. त्याला ठाण्यात आणून समोर बसवलं. माणूस घामाघूम. हवालदारांना त्याच्यावर आवाज चढवायचा होता, मी खुणेनं थांबवलं. घाबरलेला माणूस ओरडण्यानं आणखी खोटं बोलतो, हा माझा अनुभव. चहा दिला.

"ओटा कोणी पुसला?"

"मी नाई साहेब. मी सकाळी आल्यावर पुसतो."

"मग मोटर कोणी नेली?"

"मले काय माईत? मशीन बंद म्हणजे माही नोकरी बंद. मी आपल्याच पोटावर काऊन पाय देऊ?"

बोलणं पटण्यासारखं होतं. चावीचं विचारलं तेव्हा तो जरा चाचरला. "खिडकीच्या आत खिळ्याले राह्यते साहेब. पयल्यापासून तिथीच राह्यते. पोळ्यावाल्या बायाईले सब माईत आहे."

पोळ्यावाल्या बाया. हा शब्द मी मनात टिपून ठेवला.

त्याच संध्याकाळी आमचा एक खबऱ्या, ऑटोवाला, ठाण्यात डोकावला. "साहेब, चोरीची खबर नाई देत, गंमत सांगून राह्यलो. काल राती दोन बाया दळणाचा डबा दोन्हीकडून धरून चालल्या होत्या. डबा असा जड का थोडं चाललं का खाली ठेवे. म्या म्हटलं, काकू, ऑटोत टाका. तं म्हणे, 'तू आपली सवारी पाह्य!'"

"त्यात गंमत काय?"

"चक्की त्या बाजूले हायेच नाई ना साहेब! त्या तं संस्थेकडून येऊन राह्यल्या होत्या."

त्यानं दाखवलेलं घर एका रिटायर शिक्षिकेचं निघालं. महिला शिपाई आणि पंच घेऊन आम्ही गेलो. बाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गृहपाठ न करता आलो आहे.

"या. उशीरच केला तुम्ही."

झडती घ्यावीच लागली नाही. गव्हाच्या कोठीतून त्यांनी स्वतःच मोटर काढायला लावली. जुन्या लुगड्यात, लेकरू गुंडाळावं तशी गुंडाळलेली. तेवढ्यात शेजारीण धावत आली. तिच्या घरचं हार्डवेअरचं दुकान.

"मी एकटीनं नेली," बाई म्हणाल्या. "हिला फक्त उचलू लागायला बोलावलं होतं."

"खोटं नोका बोलू बाई," शेजारीण रडत रडत म्हणाली. "पाना तं म्याच आणला दुकानातून!"

हवालदारांनी तोंड फिरवलं. हसू दाबत होते.

मी जबाब घ्यायला बसलो. "विकायची होती का?"

"विकून काय करू? मशीन आली आणि सचिवांचा फोन आला. 'ताई, आता पोळ्या आणू नका, तुम्हाला त्रास नको.' मंगळवार माझा होता साहेब. आमचे हे गेले त्या आठवड्यातसुद्धा मंगळवार चुकू दिला नाही मी, सुनेकडून पोळ्या पाठवल्या. त्रास होतो म्हणून मी कधी म्हटलं? वाटलं, मशीन बंद पडली की बोलावतील."

"मग बोलावलं?"

"हो ना. पोलिसांना बोलावलं."

जबाबात मी तेही जसंच्या तसं लिहून घेतलं.

सचिवांना बाईंच्याच घरी बोलावून चोर कोण ते सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग जे बोलले ते ऐकून मलाच धक्का बसला. मशीन आल्यापासून वर्गणी देणारी घरं एकेक करून गळाली होती. व्यापारी मशीन देऊन मोकळा झाला, पण कणीक आणि गॅस रोज लागतो. येत्या महिन्यापासून जेवण बंद करायचं, असं समितीनं ठरवून टाकलं होतं.

"लोकाइचं मन आटलं, असं समजलो मी," ते म्हणाले.

बाई तिथंच बसल्या होत्या. "मन कशाला आटेल? तुम्हीच येऊ नका म्हटलं. वर्गणी काय रस्त्यावर ठेवू? मागितली का कोणी?"

"मशीन दिसून राह्यली अन् हात पसरू? लाज वाटे, ताई."

सचिव लगेच माझ्याकडे वळले. "साहेब, माही फिर्याद वापस घेतो. चूक माहीच होती."

मी साफ सांगितलं, "नोंदवलेला गुन्हा काही पाटीवरचा खडू नाही, पुसला की गेला. कागद न्यायालयात जाईल. काय तडजोड करायची ती तिथं करा."

बाई म्हणाल्या, "खरं तेच लिहा. सही कुठं करू?" अटकेची गरज नव्हती, दोघींना नोटीस दिली. रीतसर तपास झाला, कागद कोर्टात गेले, तिथं तडजोड झाली. कायद्याला बगल दिली नाही, याचं आजही समाधान आहे.

मात्र कोर्टाच्या तारखेची वाट न पाहता सचिव त्याच आठवड्यात घरोघर फिरले. कुणाकडे चहा झाला, कुणाकडे टोमणे. "काय वो भाऊ, मशीन थकली वाटते?" असंही ऐकून घेतलं त्यांनी. वार पुन्हा लागले, त्यासोबत वर्गणीही परत आली, आणि जेवण बंद करायचा ठराव समितीनं मागे घेतला. मशीन सणावाराला आणि एखाद्या घरी अडचण असली तर चालते. आचाऱ्याची नोकरीही राहिली, भाजी त्याच्याइतकी चांगली कोणाला जमत नव्हती.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं, आणि त्याचा अभिमान आहे मला. पण संस्था कशावर टिकते ते मला या तपासात कळलं. एकदाच मोठं देणारा माणूस चांगलाच असतो, त्याला हात जोडावेत. पण जो दर आठवड्याला येतो त्याला नळ गळतो ते दिसतं, तेल संपलेलं दिसतं, कोण उपाशी बसलाय ते दिसतं. त्याचा त्रास वाचवायला गेलं की त्रासासोबत तो माणूसही संस्थेच्या हातून जातो.

त्यानंतर कुठल्याही मंडळात, वाचनालयात, आश्रमात काही गैर घडलं की मी चाव्या कुणाकडे हे नंतर विचारत असे. पहिला प्रश्न एकच असे: इथं आधी कोण येत होतं, अन् आता काऊन येत नाई?