कुळथाच्या पाण्याचा तांब्या

नवऱ्याच्या स्वादुपिंडात खडे आहेत असं कळलं, तेव्हा स्वादुपिंड पोटात नेमकं कुठं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. देवगाव रंगारीहून आलेल्या सासूबाईंना मात्र खडा म्हटलं की सगळं ठाऊक होतं. मुतखड्याला देतात तसं कुळथाचं पाणी पाजायचं, की खडा विरघळून वाहून जातो.

पण पाणी होतं कुठं? शहराबाहेर नव्या इमारती उठत होत्या आणि उस्मानपुऱ्यात आम्ही टँकरमागं हंडे घेऊन धावत होतो. त्यातलं गाळलेलं पाणी सासूबाई लेकाच्या कुळथासाठी राखायच्या, स्वतः मात्र घोटभर पिऊन दिवस काढायच्या. मला चीड यायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हे खडे पाण्यानं जाणारे नाहीत, त्यांनी स्वादुपिंडाची नळीच तुंबवली आहे. बाहेरून यंत्राचे धक्के देऊन ते फोडायचे, मग तोंडातून दुर्बीण घालून चुरा काढायचा. सासूबाईंनी पोट फाडणार नाहीत ना, एवढंच विचारलं आणि पुन्हा कुळीथ भिजत घातले.

मला धास्ती होती ती भुलीची. पोटात काही असलं तर ते भुलीत वर येऊन फुप्फुसात जातं, जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे आदल्या रात्रीपासून ह्यांच्या तोंडात थेंबही जाऊ नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

धक्के द्यायचे त्या सकाळी दवाखान्यात मी औषधं आणायला खाली गेले, तेवढीच काय ती नजर हटली. परत येते तर खाटेखाली तांब्या, तळाशी तांबूस पाणी. सासूबाई पदराचं टोक चाळवत बसलेल्या. तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या, सकाळपासून काही घेतलंय का म्हणाल्या. ह्यांनी आईकडं पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

आईला बोल लागू नये म्हणून हा माणूस जीव द्यायला निघाला होता. मी तांब्या उचलून बाईंसमोर धरला.

"प्यायलेत. आत्ताच."

त्या दिवसाचे धक्के रद्द झाले. ह्यांनी माझ्याकडं पाठ केली. सासूबाई भिंतीला टेकून हळूच म्हणाल्या, "खडा हाय म्हणल्यावर लेकराला कोरडं कसं ठिवायचं गं?" मी तांब्या रिकामा करून पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना आत नेलं. दारामागून यंत्राची ठकठक ऐकू येत होती. ती सुरू असली की भीती वाटायची आणि थांबली की त्याहून जास्त. सासूबाईंचे ओठ फुटले होते. मी बाटली पुढं केली तर त्यांनी तोंड फिरवलं. लेकाला पाणी देतील तेव्हाच पिणार म्हणाल्या.

ह्यांना बाहेर आणलं तेव्हा खडे फुटलेत, चुरा उद्या काढू, असं डॉक्टर म्हणाले. ते सांगेपर्यंत पाणी मात्र द्यायचं नव्हतं. मी ह्यांच्या छातीकडंच बघत राहिले, वरखाली होतेय ना ते. थोड्या वेळानं ह्यांनी डोळे किलकिले केले.

"आई, पाणी."

सासूबाईंनी बाटली उचलली. झाकणही फिरवलं. मग थांबल्या, झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या मांडीवर ठेवली.

"तूच धर. माझा हात नाय ऐकायचा."