तीन दिवसांचं सुतक आणि पोस्टाची पेटी

आई सोमवारी पहाटे वारली आणि गुरुवारी माझं सुतक संपलं. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवस. माझ्या भावाला दहा दिवस आणि वहिनीलाही दहा. जिचं आईशी एक दिवस धड पटलं नाही तिला दहा, आणि मला तीन. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी गुरुवारी सकाळी लालबागच्या घरी सासूबाई म्हणाल्या, "बाय माझ्या, झाला तुझा आता. न्हाऊन घे नि देवाकडे दिवो लाय," तेव्हा परीक्षेत वेळ संपायच्या आत कुणी हातातला पेपर ओढून घ्यावा तसं झालं.

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. उलट सून मोकळी झाली म्हणून त्यांना बरंच वाटत होतं. मी न्हाले, दिवा लावला, कुकर चढवला. रडू आलं नव्हतं. माहेरी गिरगावातही आलं नव्हतं. तिथे जमलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी शेजारून आलेला चहा त्यांच्या कपात ओतत होते. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, "धीराची आहे हो." धीर वगैरे काही नव्हता. आत नुसतं बधिर होतं.

शनिवारी लेकीच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. परळच्या टॉवरमध्ये, बत्तिसाव्या मजल्यावर. आमंत्रण मोबाइलवर केव्हाच येऊन पडलं होतं आणि त्यात मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, फॅन्सी ड्रेस. लेक सात वर्षांची. मी ठरवलं, हिला न्यायचंच. माझी आई गेली हा काही हिचा गुन्हा नाही. हिच्या शनिवारात काही कमी पडू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्या आठवड्यात मला करता येण्यासारखी वाटत होती. ती तरी नीट व्हायला हवी होती.

आता फॅन्सी ड्रेस हे आमच्याकडे आईचं खातं. दर गणपतीत आमच्या गल्लीत मुलांची स्पर्धा असते आणि तिच्यासाठी आई गिरगावातून पिशव्या घेऊन यायची. परी, शेतकरी, केळीचं झाड, सगळं तिनेच घरी बसून केलेलं. शिवाय माइकसमोर म्हणायच्या चार ओळीही तीच लिहायची आणि लेकीकडून घोकून घ्यायची. ते सगळे पोशाख तिच्या माळ्यावर जपून ठेवलेले होते.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आहेत ना परीचे पंख, मला इथून दिसतायत. पण काकू म्हणतेय, तेरावं होईपर्यंत या घरातली वस्तू तुझ्या घरी नको."

"बरं," मी म्हटलं.

चार दिवसांपूर्वी याच हातांनी मी आईला शेवटची साडी नेसवली होती, आणि आता तिने केलेले पंख मला चालत नव्हते. हे आज लिहिताना सुचतंय. तेव्हा फक्त बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मग दादरला गेले. तिथे एका जिन्यावरच्या दुकानात नाचाचे, नाटकाचे कपडे भाड्याने मिळतात. दुकानदाराने राजकन्येचा निळा झगा काढून काउंटरवर पसरला. भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, डाग पडला तर धुलाई वेगळी. महिनाअखेर होती आणि हाताशी होतं ते गिरगावच्या खर्चात गेलं होतं. मी झग्याची शिवण उगाच उलटीसुलटी करून बघत होते.

"कशासाठी हवाय ताई? शाळेत प्रोग्रॅम आहे का?" त्याने विचारलं.

"माझी आई वारली," मी म्हटलं.

मला वाढदिवस म्हणायचं होतं. तोंडातून हेच आलं. बिचाऱ्याने झगा हळूच खाली ठेवला, सॉरी म्हणाला आणि लगेच भाडं कमी करायला लागला. मला त्याचा असा राग आला की मी पर्स उचलून जिना उतरले. कीव म्हणून कमी झालेलं भाडं मला नको होतं. माझी आई काय सेलमध्ये गेली होती?

शेवटी आमच्या वाण्याकडून वेफर्सचं मोठं खोकं आणलं. लाल घोटीव कागद आणला, मैद्याची खळ शिजवली आणि शुक्रवारी दुपारी खाली बसून पोस्टाची पेटी करायला घेतली. वर डोकं बाहेर यायला गोल भोक, बाजूला हात घालायला दोन, पुढे पत्र टाकायची फट. लेक समोर मांडी घालून बसली होती. कात्री मागितली की कात्री द्यायची, कागद धर म्हटलं की धरायची. एरवी तिच्या तोंडाला खळ नसतो. त्या दिवशी तिने एकदाही काही विचारलं नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

ओळीही मीच जुळवल्या.

मी आहे पोस्टाची पेटी,
ऊन-पावसात उभी एकटी.
माझ्या पोटी पत्रं टाका,
निरोप कुणाचा अडवू नका.

कविता म्हणून टुकार. पण लेकीने दहादा म्हणून दाखवली, शेवटच्या नमस्कारासकट.

बत्तिसाव्या मजल्यावर स्टेज नव्हतं. माइक नव्हता, परीक्षक नव्हते. चार-पाच राजकन्या होत्या, मुखवटे लावलेली मुलं होती, आणि सगळी नुसती हुंदडत होती. मग संगीत खुर्ची सुरू झाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हे खोकं गुडघ्याखाली येतंय आणि हिला बसताच येणार नाही. स्पर्धेत कुणी बसत नाही. स्टेजवर उभं राहायचं, ओळी म्हणायच्या, उतरायचं. मी त्याच हिशेबाने कापलं होतं.

वाढदिवसवाल्या मुलीची आई भली होती. वाकून म्हणाली, "कित्ती क्यूट गं! बॉक्स काढून ठेवूया का थोडा वेळ? तुला खेळता येईल."

लेकीने नको म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी सोफ्यावरून खूण केली, थांब, नंबर येईल. मला खरंच तसं वाटत होतं. आधी खेळ, मग स्पर्धा, मग केक, असा काहीतरी क्रम मी मनाशी धरून बसले होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. कुणीतरी तिच्या फटीत एक वेफर टाकला आणि सगळी मुलं हसली. तीही थोडं हसली. केक कापून झाला, खाऊन झाला, दारात प्रत्येकाच्या हातात भेटीची पिशवी आली आणि बाय-बाय सुरू झालं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला शरम वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. मी तिच्या चपला शोधल्या.

खाली बसस्टॉपवर आल्यावर मी खोकं तिच्या डोक्यावरून काढलं. तिच्या मानेला कडा घासून लाल झालं होतं.

"तुझा नंबर आलाच नाही," मी म्हटलं. "स्पर्धा नव्हतीच गं. माझं चुकलं."

"मला केव्हाच कळलं होतं."

"मग काढली का नाहीस पेटी? ती काकी विचारत होती ना?"

"तू केली होतीस," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघत, "मला यायचंच नव्हतं."

"मग आधी नाही सांगायचं?"

"तू नुसती बसून असायचीस. मग खोकं कापायला लागलीस." तिने मान चोळली. "मला गिरगावच्या आजीची आठवण येते. रडायला येतं. पण घरच्या आजीने सांगितलं ना, तुझ्या आईचं झालं आता म्हणून. गुरुवारपासून रडलेलं चालत नाही ना?"

दोन दिवस ही पोर माझ्यासमोर होती. कागद धरत होती, खळ ढवळत होती, आणि रडू गिळत होती. हिला काही कमी पडू द्यायचं नाही म्हणत होते, आणि कमी पडलं होतं ते नेमकं हे रडणंच.

"चालतं," मी म्हटलं.

"कोण म्हणालं?"

"मी म्हणते. ती माझी आई होती."

होती म्हणेपर्यंत मी ठीक होते. आईसाठी तो शब्द आठवड्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघाला. मग ते खोकं हातातून सुटलं, मी तिथेच कट्ट्यावर बसले आणि लेकीच्याही आधी रडायला लागले. बस आली, थोडी थांबली आणि आम्हाला न घेता गेली.