डब्यातून आलेली हार्ड डिस्क

ताई मुरबाडच्या एसटीतून उतरली तेव्हा तिने एक स्टीलचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. मी शहापूरच्या स्टँडवर तिला घ्यायला गेलो होतो. डबा घ्यायला हात पुढे केला, तर तिने दिला नाही.

“एवढं काय जपतेस? सुकट आणलीस काय?” मी म्हणालो.

“तुझे भावजी हायेत त्यात,” ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. भावजींना जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. कावीळ झाली, झाडपाल्याच्या औषधात दिवस गेले, आणि कल्याणला नेईपर्यंत उशीर झाला.

घरी आल्यावर तिने डबा उघडला. आत टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क. मुरबाडच्या स्टँडजवळ भावजींचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान होतं. ते आजारी पडल्यापासून बंद होतं. ताईने ते पुन्हा उघडून कॉम्प्युटर चालू केला, तर त्यातून धूर आला. दुरुस्तीवाला म्हणाला, बाकीचं सगळं जळालंय, पण भावजींनी जे काय टाईप केलंय ते ह्या डिस्कमध्ये आहे, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. दुसरा कॉम्प्युटर आमच्या सगळ्या नात्यात एकच होता, माझा.

मी आसनगावच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. कुणाला दहावीचा निकाल बघायचा असला, कुणाचा माउस अडला, की सगळे माझ्याकडे. मला ते आवडायचं. ‘मला हे कळत नाही’ असं वाक्य त्या वर्षांत माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. पुढे जे झालं त्यातलं निम्मं त्यामुळे झालं. उरलेल्या निम्म्याचं कारण याहून हलकं आहे, तेही सांगतो.

भावजी गाणी लिहायचे. नव्वदनंतरच्या वर्षांत त्यांनी गायन पार्टी काढली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत टेम्पोत पेटी, ढोलकी आणि कर्णे टाकून ही मंडळी मुरबाड-शहापूरच्या गावांतून फिरायची. लग्नाआधी ताईचा आवाज शेजारच्या घरातसुद्धा जात नसे. लग्नानंतर तो कर्ण्यातून गावभर जायला लागला. भावजी ओळ टाकायचे, ताई ती उचलायची.

लिहायची त्यांची पद्धत अशी. दुकानात चुकीच्या छापलेल्या लग्नपत्रिका पडून असायच्या, त्यांच्या पाठीवर गाणं लिहायचं. मग ते कॉम्प्युटरवर टाईप करायचं, आणि टाईप झालं की पत्रिका चुलीत. ताई ओरडायची, असू द्या की घरात. भावजी म्हणायचे, “कशाला? पुढून नवरीचं नाव चुकलेलं, मागून माझं अक्षर वाकडं. आता छापील झालं ना?” छापील अक्षराचा त्यांना फार सोस. त्यांच्या वडिलांना सही येत नव्हती.

शेवटचं गाणं त्यांनी डोळे पिवळे झालेले असताना दुकानात जाऊन टाईप केलं. घरी ताईला पहिलं कडवं आणि धृपद गुणगुणून दाखवलं. “बाकीचं जयंतीला काढून देतो,” म्हणाले. जयंती यायच्या आत ते गेले. जुन्या गाण्यांचे फाटके कागद पार्टीतल्या कुणाकुणाकडे होते. हे गाणं मात्र त्या डिस्कमध्येच होतं. ताई त्याच्यासाठी आली होती.

जुन्या पद्धतीची डिस्क जोडताना मागे एक चिमुकली प्लॅस्टिकची टोपी हलवावी लागायची. मूळची डिस्क मास्टर, पाहुणी स्लेव्ह. ते दोन शब्द डिस्कच्या स्टिकरवर इंग्रजीत छापलेले होते. ताई सातवी शिकलेली, अक्षरं जुळवून वाचायची.

“स्लेव्ह म्हंजे काय रे?”

“दोन नंबरची,” मी म्हणालो.

गुलाम, असं मला सांगता आलं नाही. भावजींच्या गाण्यांत तो शब्द कितीदा तरी यायचा, आणि दर वेळी बेड्या तोडायलाच यायचा. त्यांचीच डिस्क मी गुलाम म्हणून जोडत होतो. त्या दिवशीचं माझं हे पहिलं खोटं. ते मी मायेपोटी बोललो. दुसरं तसं नव्हतं.

डिस्क दिसायला लागली, पण भावजींचं फोल्डर उघडेना. परवानगी नाही, अशा अर्थाची इंग्रजी पाटी यायची. दुसऱ्या मशीनवरच्या माणसाचं फोल्डर, म्हणून. त्यावरचा उपाय मला ठाऊक होता. सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरचा मालक बदलायचा. जुन्या मालकाचं तिथे नावसुद्धा दिसत नव्हतं, आकड्यांची एक लांब ओळ होती. ती काढून मी माझं नाव टाकलं. फोल्डर उघडलं.

“तुला येतंच सगळं,” ताई म्हणाली.

आत लग्नपत्रिका होत्या, अर्ज होते, आणि इंग्रजी अक्षरांत ‘गाणी’ लिहिलेलं फोल्डर. त्यातली सगळ्यात अलीकडची फाईल मी उघडली. पडद्यावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, डॉलर, डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली कसली तरी परकी अक्षरं. दुसरी फाईल उघडली, तसंच. तिसरी, तसंच.

“हे काय रे?”

मला कळेना. आणि कळत नाही असं म्हणवेना.

“व्हायरस,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“कॉम्प्युटरचा किडा असतो. अक्षरं खातो.”

“सगळी खाल्ली?”

“सगळी.”

ती पुढे वाकली. पहिली फाईल परत उघडायला लावली आणि पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून बघत राहिली.

“खाल्ली कुठं रे? ओळी हायेत की. ह्या वरच्या दोन, मंग जागा. मंग चार, मंग जागा. आणि हे बघ,” तिने काचेवर बोट ठेवलं, “वर व्हतं तेच इथं आलं. परत खाली आलं. हे धुरपद हाय.”

मी पाहिलं. मला दिसलं. तोच अक्षरांचा गुंता, तेच कंस, तोच डॉलर, प्रत्येक कडव्याखाली. पण मी व्हायरस म्हणून बसलो होतो.

“ताई, व्हायरस असंच करतो. तेच तेच छापत सुटतो.”

“असं?”

“असंच.”

ती तरी थोडा वेळ बघत होती. ओठ हलत होते. मग मागे टेकली. “तुला जास्त कळतं,” म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आज मला जरा बरं वाटलं असतं.

“मंग ही परत नेऊ?”

“राहू दे इथंच. दुसरीकडे लावलीस तर त्या कॉम्प्युटरला लागण व्हायची.”

व्हायरसपासून ह्या लागणीपर्यंत, हे दुसरं खोटं. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, म्हणून माझ्या बायकोने त्यात साखर घातली. ताई साखर घेऊन मुरबाडला गेली.

आता ते हलकं कारण. भावजींची डिस्क माझ्या डिस्कपेक्षा मोठी होती. जोडली तेव्हाच, गाणी बघायच्या आधी, मी तो आकडा बघून ठेवला होता. माझ्या कॉम्प्युटरात जागा उरली नव्हती. पुढच्या रविवारी मी डिस्क फॉरमॅट केली. पुसण्याआधी कॉम्प्युटर विचारतो, सगळं जाईल, चालेल का? चालेल, असं मी दाबलं. मग शेजाऱ्याकडून सीड्या आणून तिच्यात पिक्चर भरले. व्हायरस आहे असं मला खरंच वाटलं होतं का? ताईच्या बोटाखाली धृपद दिसल्यावर नसावं. पण जागा हवी असली की माणूस फार चौकशी करत नाही.

वर्षभराने ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. त्यावर एक जुनं मराठी पत्र उघडलं, तर पडद्यावर तेच कंस, तेच डॉलर, त्याच टोप्या. “व्हायरस आहे,” मी जाहीर केलं. नवीन लागलेली टायपिस्ट मुलगी हसली.

“अहो सर, व्हायरस कसला? फॉन्ट नाहीये ह्याच्यात!”

तिने एक सीडी टाकली, सगळा मजकूर निवडला, फॉन्टचं नाव बदललं. त्या कचऱ्याचं माझ्यासमोर मराठी झालं, काना-मात्रेसकट. तेव्हाचं मराठी टायपिंग तसंच असायचं. फाईलमध्ये मजकूर शाबूत असतो, पण त्याला मराठी रूप देणारा फॉन्ट त्या मशीनवर नसला तर तो असा वेडावाकडा दिसतो. फॉन्ट टाकला की जसाच्या तसा. आणि भावजींचा फॉन्ट शोधायला कुठे जायचीही गरज नव्हती. तो त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरात होता. मी तोही पुसला होता.

“पाणी पिऊन येतो,” असं सांगून मी बाहेर गेलो आणि गेटपाशी उभा राहिलो.

नंतर पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम कुणाकडून तरी मिळवला. त्याने फाईलींची नावं आणून दिली. गाणं एक, गाणं दोन. उघडली तर सगळ्या कोऱ्या. भावजींच्या अक्षरांवर पिक्चर बसले होते.

ताईला मी काही सांगितलं नाही. ती इकडे गाणी जमवत होती. पार्टीतल्या कुणाला एक ओळ आठवायची, कुणा बाईला चाल. मी माझ्या मोटारसायकलवर तिला सरळगावला नेलं, किन्हवलीला नेलं. “भाऊ एवढा फिरवतो, नशीब लागतं,” बायका म्हणायच्या. मी चहाच्या कपात बघत बसायचो. जुनी गाणी बरीचशी जमली. शेवटचं जमणार कुठून? ते पुरतं कुणी ऐकलंच नव्हतं.

तरी ती ते दर जयंतीला म्हणायची. पहिलं कडवं, मग धृपद. मग ती माईकपासून तोंड बाजूला करायची आणि नुसती पेटी-ढोलकी वाजत राहायची. परत धृपद. परत नुसती पेटी. लोकांना वाटायचं, गाण्याची तऱ्हाच अशी आहे. मी मागच्या रांगेत बसायचो, आणि ती पेटी सुरू झाली की मांडवाच्या बाहेर यायचो.

अशी काही वर्षं गेल्यावर एका दुपारी मी एसटीने मुरबाडला गेलो. ताई ओटीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो, चार शेंगा सोलल्या.

“ताई, तो व्हायरस नव्हता.”

“कुठला?”

“भावजींच्या डिस्कमधला. अक्षरं शाबूत होती. नुसता फॉन्ट नव्हता माझ्याकडे.” फॉन्ट म्हणजे काय ते मी सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

“म्हंजे मी बरोबर वाचलं व्हतं.”

“हो.”

“धुरपदच व्हतं ते.”

“हो.”

तिने वर बघितलं. तोंडावर एकदम उजेड आल्यासारखा झाला. “मंग लाव की रे आता तो फॉन्ट!”

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या लेखी डिस्क अजून माझ्या घरी तशीच होती.

“आता नाही, ताई. मी पुसलं सगळं.”

हात थांबले. “किडा हाय असं वाटलं म्हणून?”

तिने मला वाट काढून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“नाही. मला जागा पाहिजे होती.”

“कसली जागा?”

“पिक्चर ठेवायला.”

तिने हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, “किती कडवी व्हती त्याला, बघितलंस तरी?”

“नाही.”

“चार. मी मोजली व्हती त्या दिवशी.” सूप उचलून ती आत गेली. चहा विचारला नाही. मी थोडा वेळ ओटीवर बसलो आणि मिळेल त्या एसटीने परत आलो.

म्हणजे ती पेटी नुसती वाजत नव्हती. उरलेल्या तीन कडव्यांची जागा ती दर वर्षी मोकळी ठेवत होती, त्यांच्या लांबीइतकी. मी त्याच जागेतून उठून बाहेर जात होतो.

पुढच्या जयंतीपर्यंत आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. जयंतीला मी मागे बसलो होतो. ते गाणं सुरू व्हायच्या आधी तिने माईकवरूनच हाक मारली, “ए, इकडं ये. मागं काय बसलास?” सगळ्यांनी वळून बघितलं. मी गेलो. तिने माझ्या हातात झांज दिली.

“मला येत नाही, ताई.”

“पिक्चर बघता येतात ना? उभा राहा.”

ढोलकीवाला हसला. त्याला वाटलं, बहीण-भावाची मस्करी चाललीय.

तिने पहिलं कडवं म्हटलं, धृपद म्हटलं, आणि तोंड बाजूला केलं. पेटी चालू राहिली. आमच्या दोघांमध्ये ते दुसरं कडवं होतं, आणि ते कुठे संपतं हे मला समजेना. मी तिच्याकडे वाकलो.

“मला कळत नाही,” मी म्हणालो.

“मी मान हलवीन,” ती म्हणाली.