सरांना पसंत पडेल असा निळा

आमच्या लॅबच्या किश्शांचं अमोनियासारखंच आहे, बूच जरा सैल केलं की घरभर! जयपूरमधली चार मराठी माणसं जमली की मला हे सांगावेच लागतात.

काम तसं साधं. अमोनिया खूप थंड करून त्याचा द्रव करायचा आणि त्यात सोडियमचा तुकडा टाकायचा. धातूतले इलेक्ट्रॉन सुटून द्रवात मोकळे पोहू लागतात आणि भांडं निळंशार होतं. जरा ओल शिरली की रंग फिकटला.

*

माझी घरमालकीण मालवीय नगरची. मी दारात दिसले की नाकाला पदर लावून म्हणते, "भाभीजी, आज फिर?" अमोनियाच्या वासाची ओढणी गच्चीवर टाकूनच मी जेवायला बसते.

*

एकदा ऐन मे महिन्यात अमोनिया थंड करायचा कोरडा बर्फ संपला. आमचे जोगळेकर सर राजा पार्कातल्या आइस्क्रीमवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, "साब, कौन सा फ्लेवर जमा रहे हो?"

सर गंभीरपणे म्हणाले, "नीला."

*

सरांचा एक नियम होता. आधी त्यांचा डोळा, मग रंग मोजायचं मशीन. त्यांनी मान हलवल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही.

मुक्ता त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, जन्मापासून जयपूरची. तिचा निळा काही सरांना पसंत पडेना. "फिका आहे. ओल शिरली. टाकून दे." की दिवसभराची मेहनत वाया! पोरगी भांडी पुन्हा धुऊन भट्टीत वाळवायची. फेलोशिप संपत आलेली, रीडिंगशिवाय प्रबंध अडलेला. मला तिची फार कीव यायची. गुपचूप मशीन लाव म्हटलं तर म्हणाली, "नको मॅडम. मतलब, सर चुकत नाहीत ना कधी."

*

दिवाळीनंतर सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं; आतली भिंगं पार पिवळी पडली होती म्हणे. सुट्टी संपवून ते काळा चष्मा लावून आले, तेव्हा मुक्ताचं भांडं तयारच होतं. त्यांनी चष्मा काढला आणि वाकून पाहिलं. मग खिडकीबाहेरचं आभाळ पाहिलं, पुन्हा भांड्यात पाहिलं.

सर म्हणाले, "मुक्ता, हा नेहमी असाच असायचा का गं?"

मुक्ता म्हणाली, "नाही सर. आजच जमलाय."

सरांनी चष्मा पुन्हा लावला आणि मशीन स्वतःच्या हाताने सुरू केलं.