बब्रुवान नानांचा अंगठा

मी बसवलेल्या बझरमुळं शिवकांता काकूंच्या वर्षभराच्या कुरडया एका दुपारी पाण्यात गेल्या. बझर वाजला होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. त्याला बटण लावायची अक्कल मात्र माझी.

येडशीत स्टेशनच्या रस्त्याला माझं मोटार-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच्या मागंच बब्रुवान नानांचं आणि काकूंचं घर. नाना रेल्वेत इंजिन चालवून रिटायर झालेले. गच्चीवरची टाकी भरली की कळावं म्हणून मी त्यांच्या खुर्चीच्या हाताशी एक डबी बसवून दिली. तिच्यात लाल दिवा, बझर आणि बझर गप्प करायचं बटण. काकू दुपारी जरा लवंडतात, त्यांची झोप मोडू नये म्हणून बटण. मोटार बंद करायला मात्र उठून दाराजवळच्या स्विचपर्यंत जावं लागायचं. नाना डबीवर हात फिरवत म्हणाले, "केबिनीतल्यावानी केलंस की." मी फुगलो.

आठवडा होतोय न होतोय तोच टाकी वाहिली आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला.

"वाजलंच न्हाय," नाना म्हणाले.

"मी ऐकलं की," काकू म्हणाल्या. "लगीच बंद बी झालं. म्हटलं, केली ह्यांनी मोटार बंद."

ही गोष्ट फोनवरून पुण्याच्या लेकीला, वर्षाराणीताईला कळली. नानांना विसर पडतोय, घराला कुलूप लावून दोघांनी पुण्याला यावं, हे तिचं बरेच दिवस चाललं होतं. आता पुरावा मिळाला. "रविवारी येते, बॅगा भरून ठेवा," म्हणाली. नानांना येडशी सोडवत नव्हती. इथं ओट्यावर बसून गाडीचा हॉर्न ऐकू येतो, आणि लातूरकडची आज का लेट झाली ह्यावर तासभर बोलता येतं. पुण्यात ह्या विषयाला गिऱ्हाईक कुठलं?

डबी तपासायला म्हणून मी गेलो. मोटार लावली आणि बसलो. नाना इंजिनात शिरले.

"आमच्या छोट्या लाईनच्या इंजिनात इशारा द्यायला काय बी नव्हतं बघ. धुकं पडलं की माणूस रुळावर फटाका बांधायचा. चाक त्याच्यावर गेलं की धडाम. म्हंजे पुढं सिग्नल हाय, जागं व्हा. मग मोठी लाईन झाली, नवीन इंजिनं आली. त्यात ड्रायवरनं थोडा वेळ काय हलवलं न्हाय की दिवा लुकलुकायचा, मग बझर. तरी बटण न्हाय दाबलं तर गाडी आपली आपण ब्रेक मारायची. ड्रायवर जित्ता हाय का, एवढंच इचारायची ती. मुंबईकडं तर सिग्नल लाल असला की केबिनीतच भोंगा. आन आता कवच यायलंय..."

डबी वाजली. नानांचा हात गेला, अंगठ्यानं बटण दाबलं.

"...ते तर ड्रायवर चुकला की सोताच गाडी थांबवतंय म्हणं."

"नाना, आत्ता काय दाबलं?"

"कुठं काय?"

मी वर बोट केलं. पन्हाळीतून पाणी पडायला लागलं होतं. मीच उठून मोटार बंद केली. नाना आधी पाण्याकडं आणि मग स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"इंजिनात बी व्हायचं असं," ते हळूच म्हणाले. "एकदा बझर वाजला, मी बटण दाबलं आन तसाच निघालो. असिस्टंट बजरंग 'लाल' म्हणून वरडला तवा सिग्नल दिसला. डोळे उघडेच होते माझे."

मला हायसं वाटलं. नानांचं डोकं ठिकाणावर होतं; अंगठा अजून रिटायर झाला नव्हता, एवढंच.

"बटण काढून टाकतो," मी म्हणालो. "आणि मोटार आपोआप बंद होईल असं लावतो. तुमचं कवच."

"नगं. वर्षा म्हणंल, बापाचं काम बी आता डबीच करायली."

काकू चहा घेऊन आल्या. "बजरंग वरडायचा म्हणता. तुम्ही दोघं सिग्नल तोंडानं म्हणत होता ना? झोपेत बी म्हणायचा तुम्ही."

"नियमच हाय तो. एकानं बोट करून रंग म्हणायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. तोंड उघडलं की डोकं जागं होतं."

"मग मी काय मालडब्यात बसलीय व्हय?"

त्या संध्याकाळपासून दोघांचा सराव सुरू झाला. शेजारच्या शांताक्का दोनदा विचारून गेल्या, भांडण कशावरून चाललंय.

रविवारी वर्षाराणीताई आली. तिनं आल्या आल्या मोटार लावली आणि बापासमोर खुर्ची ओढून बसली. मी दारात होतो. आत जायची हिंमत नव्हती. बझर वाजला. नानांचा हात सवयीनं निघाला आणि बटणापाशी जाऊन थांबला. मग त्यांनी दिव्याकडं बोट केलं.

"टाकी लाल."

"टाकी लाल," स्वयंपाकघरातून काकू.

नाना उठले, मोटार बंद करून आले आणि मगच बटण दाबलं.

"हे काय नवीन?" ताईनं विचारलं.

"ड्युटी," आतून उत्तर आलं.

मी अंगठ्याचं सगळं सांगितलं. ताईनं बापाचा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. म्हणाली, "बरं. दिवाळीला बघू." निघताना तिनं आईकडं कुरडया मागितल्या. काकूंनी माझ्याकडं बोट केलं.

तेव्हा मी सगळ्यांसमोर कबूल झालो होतो, की पुन्हा गहू भिजवा, सोऱ्या मी फिरवतो. मग दुकानात काम आलं, मग पाऊस लागला. काकूंनी सोऱ्या माझ्या काउंटरवरच आणून ठेवलाय. येता-जाता नाना त्याच्याकडं बोट करतात.

"कुरडई लाल."

आणि मी तेच परत म्हणेपर्यंत दारातून हलत नाहीत.