मधपेटीखालची डबी

ताकुआरेम्बो गावातल्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाल्यावर नीडिया टेचेराने प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. नवरा मिल्टन मधमाश्या पाळायचा. पेट्या किती भरल्या हे बघायला त्याला टेकडीपलीकडच्या निलगिरीच्या बनात जावं लागे, आणि गुडघे तर कुरकुरू लागलेले. म्हणून नीडियाने एक डबी बनवली. पेटीखाली ठेवायची, ती वजन घेणार आणि रेडिओवरून घरी कळवणार.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबी झकास चालायची. बनात नेली की गप्प.

"अगदी माझ्या बहिणीसारखी आहे," मिल्टन म्हणाला. "घरात बडबड, बाहेर तोंड शिवलेलं."

"सांगू का तुझ्या बहिणीला?" नीडियाने विचारलं.

नीडियाने बॅटरी बदलली, अँटेना लांब केली, रेडिओचा सगळा भाग नव्याने लिहिला. डबी ढिम्म. शेवटी ती लॅपटॉप घेऊन मिल्टनबरोबर बनातच गेली आणि तोंडावर जाळी ओढून खोक्यावर बसली. केबल जोडली, तर वजन लगेच पडद्यावर. केबल काढून डबी बंद-चालू केली, तर पुन्हा मुकी.

नीडियाने प्रोग्राम उघडून पहिल्या ओळी वाचल्या आणि ती खो खो हसत सुटली. चाचणीच्या वेळी डबीचे निरोप वाचता यावेत म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला तिनेच एक ओळ घातली होती: केबलच्या पलीकडे कॉम्प्युटर ऐकायला येईपर्यंत थांब. टेबलावर केबल कायम जोडलेली. इथे कॉम्प्युटर कुठला यायला?

"मीच तिला थांबवून ठेवलंय रे. बिचारी वाट बघत बसलीय."

"म्हणजे चूक तुझी."

"सगळी माझी. तो चहा दे इकडे."

जाळी जरा वर करून, येर्बाच्या पाल्याचा कडू चहा नळीने ओढत तिने ती ओळ खोडली, प्रोग्राम पुन्हा डबीत भरला, केबल काढली. मिल्टन घरी पोचल्यावर त्याचा फोन आला. "बोलतेय गं."

वसंतात एका दुपारी पेटीचं वजन एकदम घसरलं. नीडियाने झोपलेल्या मिल्टनला हलवलं. "ऊठ, तुझ्या माश्या घर सोडून चालल्यात."

दोघं लगबगीने बनात पोचली. पेटीजवळच्या खुरट्या झाडावर माश्यांचा भला मोठा घोस लोंबत होता. मिल्टनने रिकामी पेटी खाली धरली, नीडियाने फांदी हिसडली, आणि अख्खा घोस धप्पकन आत पडला.

"आता या पेटीलाही डबी लागणार," मिल्टन म्हणाला.

नीडिया केसांत अडकलेली माशी हलकेच सोडवत होती. "बनवते की," ती म्हणाली.