आण्णांनी बरोबर मोजलं होतं

बिरूला सिद्रामआण्णांनी मारलं न्हाय.
हे मला पन्नास वर्षं म्हाईत हाय.

आज मैंदर्गीत आण्णांना माती दिली. त्यांच्या पोरानं फेसबुकवर लिवलंय, "बाबांच्या हातनं आयुष्यात एकच चूक झाली, पण माणूस देव होता."
खाली सगळ्यांनी हात जोडलेत.

ती चूक त्यांची न्हवती. म्हणून नातीचा फोन घिऊन बसलोय. माझी शाळा सातवीपत्तुर, शुद्धलेखन बघू नका.

सत्तरनंतरची गोष्ट. सोलापूरच्या भायेर दगडाची खाण. मी आन मंगळवेढ्याकडचा बिरू, दोघं सुरुंगाची भोकं पाडायला. आण्णा ब्लास्टर, म्हंजे सुरुंग भरून उडवणारे.

त्या टायमाला लोक वातीच्या टोकाची स्फोटाची टोपी दातानं दाबायचे. दारू लोखंडी पहारीनं ठासायचे. ठिणगी पडली की माणूस गेला.
आण्णांनी टोपीला चिमटा आणला, ठासायला लाकडी दांडा आणला. दारूच्या पेटीजवळ बिडी दिसली की कानफटात.

आन आण्णा मोजायचे.

वाती पेटल्या की सगळे आडोशाला. एकेक बार उडाला की आण्णा एकेक बोट मिटायचे, मोठ्यानं, कन्नडमधी. ओंदु, येरडू, मूरू...
धा भोकं असली तर 'हत्तु', म्हंजे धा, ऐकल्याबिगर कुणी हलायचं न्हाय. एक जरी कमी आला तर त्या दिवशी काम बंद. न उडालेला सुरुंग तितंच दगडात बसलेला असतोय.

आमाला त्याचीच गंमत वाटायची.

बिरू म्हणला, "एकदा आण्णाला अकरा मोजायला लाव की. बोटं संपत्यात म्हाताऱ्याची."

त्या दिवशी धा भोकं भरली होती. माझ्याकडं दिवाळीचा सुतळी बॉम्ब होता. कोपऱ्यातल्या एका जुन्या रिकाम्या भोकात घातला, उरलेल्या वातीचा तुकडा जोडला. तिकडं आण्णा वाती पेटवायला वाकले, हिकडं मी माझी पेटवून पळालो.

आडोशाला बिरू तोंडात टॉवेल कोंबून हसत होता.

चार बार झाले. पाचवा माझ्या कोपऱ्यातनं. खाण हादरली न्हाय, पण दणका झकास झाला. धूर मी डोळ्यानं बघितला.
"ऐदु," आण्णा म्हणले.
बिरूला तितनं कोपरा दिसत न्हवता, माझा अजून उडायचाय असं समजून त्यानं मला कोपर मारलं. आता अकरा होणार.

आरू. येळु. येंटु. ओंबत्तु. हत्तु.

मंग गप्प.

आमी थांबलो. आण्णा बी थांबले, नेहमीसारखे, थोडा टाइम. मंग लाल बावटा खाली घेतला.

बिरू माझ्या कानात म्हणला, "तुझा फुसका निगाला की रं."

फुसका न्हवता.
मला तितंच कळलं. धातला एक माझा, म्हंजे खाली एक तसाच हाय.

सांगायचं एवढंच होतं. आण्णा, एक माझा होता.

पण आण्णांचा हात लई जड. मुकादम बाजूलाच उभा. वाटलं दोन बार एकदम उडाले आसतील, होतंय कदी कदी.
खरं सांगतो, वाटलं न्हाय. वाटून घेतलं.

"चल, फुसक्या," म्हणून बिरू पहार घिऊन उतरला.
मी चपलीचा अंगठा नीट करत बसलो.

मंग अकरावा झाला.

आण्णांची धाही बोटं तशीच मिटलेली होती.

तपासाला सायेब आले. आण्णा एकच सांगत होते, "धा मोजले."
सायेब म्हणले, "हितं आवाज घुमतोय. तू घुमल्यालाच मोजलास."
आमाला विचारलं, तुमी किती ऐकले. सगळ्यांनी मुंड्या खाली घातल्या. मी म्हणलो, "माजं ध्यान न्हवतं, सायेब."

आण्णांचा परवाना गेला. बिरूची आई त्यांच्या दारात बसून शिव्याशाप देऊन गेली.

मंग खाणीवर नवा बोर्ड लागला. बार दोघांनी येगयेगळे मोजायचे. अर्धा तास कुणी उतरायचं न्हाय.
लोक म्हणायचे, आण्णाची चूक झाली म्हणून शिस्त आली.
पुढं मी त्याच बोर्डाखाली दुसरा मोजणारा म्हणून उभा राहायचो.

काही वर्षांनी ती खाण बंद पडली. एकदा तिकडनं जाताना बघितलं, तर आण्णा त्याच आडोशाला एकटे. टाळी वाजवायचे आन कान लावायचे. परत टाळी, परत कान.

"काय करताय आण्णा?"
"दगडाला विचारतोय. सायेब म्हणला, हितं घुमतंय. मला काय ऐकू येत न्हाय. पण माजे कान बारांनी गेलेत बाबा. तू ऐक की."

त्यांनी टाळी वाजवली.
काय घुमलं न्हाय. कोरडी टाळी.

मला वाटलं, व्हय म्हणलं तर म्हातारा सुटंल. सगळं दगडावर ढकलून गप झोपंल.
मी म्हणलो, "घुमतंय की आण्णा. लई घुमतंय."

आण्णांनी दोन्ही हात खाली सोडले.
"मंग मीच चुकलो," म्हणले. "बरं झालं सांगितलंस."

तोपत्तुर भेटंल त्याला सांगायचे, मी धा मोजले. त्या दिवसापासनं कुणाला सांगितलं न्हाय.

आज माती झाल्यावर त्यांच्या पोराला बाजूला घिऊन सगळं सांगितलं. 
तो म्हणला, "काका, आता हे मी कुणाला सांगू?"

म्हणून मीच हितं लिवलं.

आण्णा, तुमी धा ऐकले ते धाच होते. पाचवा माझा होता.
बिरूला भेटलात तर तेवढं सांगा, फुसका न्हवता म्हणावं.

शरणु, आण्णा.